दिवा लागला म्हणजे निदान झालं नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी कोणाचा टेम्पो भिवंडीच्या गोदामांकडे धावतो, कोणाची स्कूल बस डोंबिवलीत फिरते. मी सॉफ्टवेअरवाली, पण या गाड्यांत आता कॉम्प्युटर बसलाय, म्हणून चार शब्द बोलते.

जुन्या डिझेल इंजिनाचा एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल, तर मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित ढिला करायचा. इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक पडला नाही, तर चोर तिथेच! विज्ञानाच्या तासाला आपण हेच शिकलो होतो: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते पाहा.

नव्या गाडीवर मात्र हा प्रयोग कोणी करू नका. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० बार किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे सातशेपट. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी हात गमवायची वेळ येऊ शकते. अशा वेळी मलम लावून बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आता तीच चाचणी स्कॅनरवरून करता येते. कॉम्प्युटर एकेक इंजेक्टर थोडा वेळ बंद करतो. युक्ती मिस्त्रीचीच, फक्त हात सुरक्षित.

पण स्कॅनर म्हणजे ज्योतिषी नव्हे. 'पी ००८७' हा कोड एवढंच सांगतो, की रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. कारण सांगत नाही. डिझेल फिल्टर तुंबला असेल, पाइप कुठेतरी हवा ओढत असेल, सेन्सरची वायर घासली असेल, इंजेक्टरमधून जास्त डिझेल परत जात असेल किंवा पंप झिजला असेल. तपासणी याच क्रमाने, स्वस्ताकडून महागाकडे करावी. थेट पंप बदलला आणि चार दिवसांनी तोच कोड परत आला, तर पैसे गेले, भाडं बुडालं आणि हप्ता मात्र थांबत नाही.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक दिवा छळतो: काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरचा. ही काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. कल्याण-शिळ रस्त्यावर मुंगीच्या चालीने जाताना सायलेन्सर तेवढा तापत नाही. फिल्टर भरत जातो, शेवटी इंजिनाची ताकदच कमी होते. म्हणून दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवा. जळण्याचं काम चालू असताना मध्येच इंजिन बंद करू नका.

गॅरेजमध्ये दोनच प्रश्न विचारा. कोड कोणता आला? आणि कोणती तपासणी करून हा पार्ट खराब ठरवला? कोड पुसण्याआधी तो कागदावर लिहून घ्या. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, तो तपासणी करून दाखवतो. असा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका. आणि त्याचा नंबर आपल्या ग्रुपवरही टाका!