दोन दिवस पालला

दिवाळी झाली, कापसाची एक वेचणी उरकली, की दुसरीपर्यंत थोडी सवड मिळते. आम्ही गटाच्या बाया म्हणतो, तेवढ्यात लेकरं-माणसं घेऊन दोन दिवस पालला जाऊन यावं. रावेर तालुक्यात, सातपुड्यातच आहे. वनखात्याचं विश्रामगृह आहे, खोलीचं आधी विचारून ठेवा. रात्री गारठा पडतो, गोधड्या घ्या.

जवळच सुकी नदीवर गारबर्डीचं धरण आहे. पाणी दिसलं की पोरं गळ मागणारच! पण पालचं जंगल यावल अभयारण्यात येतं, तिथल्या नदी-नाल्यात मासे धरायचे नाहीत. धरणातली मासेमारीही सहसा ठेक्यानं दिलेली असते. ठेकेदाराला विचारा, नाही म्हणाला तर ताजे मासे विकत घ्या.

आता आमचं खरं म्हणणं ऐका. सहलीला गेलं तरी चूल बाईच्याच गळ्यात. ती तिथंही भाकरीच थापणार असेल, तर तिनं गाव सोडलं कशाला? आमच्या गटात ठरलंय, दोन दिवस चूल पुरुषांची. मासे साफ करतील तेही तेच. भाकरी वाकडी होईल, होऊ द्या. आम्ही पोरांना घेऊन धरणाकाठी पाखरं बघू, साग-मोहाची झाडं ओळखू.

खर्चासाठी गटातून कर्ज मात्र काढू नका, ते बियाण्याला, शेळीला. महिन्याला पन्नास रुपये वेगळे टाका. आणि कोण कोण येणार ते पुढच्या बैठकीत सांगा, जीप त्यावर ठरवायची आहे.