एकट्या सदस्याची वकिली
(गडहिंग्लज येथील सभेत केलेले भाषण)



कोर्टाच्या आवारात तारखेसाठी ताटकळलेला मनुष्य आपल्या वकिलाकडे कोणत्या आशेने पाहतो, हे आपणांस सांगावयास नको. अशाच एका वकिलाविषयी आज बोलावयाचे आहे. हे गृहस्थ म्हणजे शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पलूस येथे १९१९ साली जन्मलेले बापू चंद्रसेन ऊर्फ बी. सी. कांबळे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्यक्ष परमपूज्य बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेस पराभूत झाले. मुंबई राज्याच्या ३१५ सदस्यांच्या विधानसभेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा एकच सदस्य गेला, आणि तो म्हणजे कांबळे. तीनशे चौदांपुढे एक! मतमोजणीत ज्याचा हात दिसणारही नाही, त्याच्यापाशी कायद्याच्या ज्ञानावाचून दुसरे शस्त्र ते कोणते?

१९५७ साली ते कोपरगावहून लोकसभेत गेले. त्याच निवडणुकीत आपल्या कोल्हापुरातूनही फेडरेशनचे एस. के. दिगे राखीव जागेवर विजयी झाले. हे विजय केवळ मानाचे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धम्म स्वीकारला. परंतु अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांस स्थान नव्हते. शिवाशिव सोसणारा तोच, पाणवठाही तोच. सवलत मात्र गेली! आणि संविधानाच्या ३४१ व्या कलमान्वये ही यादी बदलण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे. म्हणून तेथे आपला माणूस, तोही कायदा जाणणारा, हवा होता.

दुर्दैवाने नेमक्या याच काळात, १९५९ साली, रिपब्लिकन पक्ष दुभंगला. कांबळे यांचा गट ‘दुरुस्त’ म्हणविला गेला, दादासाहेब गायकवाडांचा ‘नादुरुस्त’. एकाचा भर सनदशीर मार्गावर, दुसऱ्याचा भूमिहीनांच्या सत्याग्रहावर. नावांतील हा शब्दखेळ मला कधीच रुचला नाही. जमीन मागणाऱ्यास कायदा लागतो, आणि कायदा मागणाऱ्यास रस्त्यावरची माणसे लागतात, एवढे उभयतांस कळत नव्हते काय? कांबळे पुढे १९७७ साली पुन्हा लोकसभेत निवडून गेले, बाबासाहेबांचे चरित्रही त्यांनी खंडाखंडांनी लिहिले. परंतु ती फूट सांधली गेली नाही.

१९६० साली महाराष्ट्र राज्याने आपल्या कक्षेतील सवलती बौद्धांस दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र संसदेने कायदा बदलला तो १९९० मध्ये. धर्मांतराच्या दिवशी आईच्या कडेवर असलेले मूल तोवर पस्तिशीला टेकले होते, आणि केंद्राच्या बहुतेक नोकऱ्यांसाठी त्याचे वय निघून गेले होते.