बाळाचा श्वास



तान्ह्या मुलाच्या आजारांपैकी आईबापांना सर्वाधिक भयभीत करणारा आजार बहुधा मध्यरात्री येतो. दिवसभर किरकोळ सर्दी असलेले दीड-दोन वर्षांचे मूल निजते, आणि काही तासांनी कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला काढीत दचकून जागे होते. आवाज घोगरा झालेला असतो आणि श्वास आत घेताना घशातून कर्कश, शीळ घातल्यासारखा ध्वनी उमटतो. या विकाराला वैद्यकात ‘क्रूप’ असे नाव आहे. सहा महिने ते तीन वर्षे या वयात तो विशेषेकरून आढळतो.

या आवाजाचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. विषाणूंच्या संसर्गामुळे स्वरयंत्राच्या लगत खाली असलेल्या श्वासमार्गाला सूज येते. तेथे कूर्चेचे एक अखंड कडे असते. ते बाहेरच्या बाजूस पसरू शकत नाही, म्हणून सूज आतच वाढते. समजा, बाळाच्या श्वासमार्गाचा व्यास 4 मिलिमीटर आहे आणि आतून सभोवार 1 मिलिमीटर सूज आली. व्यास निम्मा होतो, हवेची वाट चतुर्थांश उरते आणि वाहत्या हवेला होणारा अडथळा सुमारे सोळापट वाढतो. तेवढीच सूज मोठ्या माणसाला आली, तर त्याचा केवळ आवाज बसतो.

यावरूनच शुश्रूषेचे नियम निघतात. मूल रडू लागले की ते जोराने श्वास ओढते, आणि अरुंद मार्ग अधिकच आवळतो. म्हणून त्याला शांत ठेवणे हाच पहिला उपचार होय. त्याला आडवे निजवू नये; आईने मांडीवर, स्वतःच्या छातीशी टेकवून सरळ बसवावे. चमचा घालून घसा पाहण्याचा प्रयत्न घरी करू नये. घोटघोट पाणी किंवा दूध पाजावे. वाफारा देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. परंतु तिचा निश्चित उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि उकळत्या पाण्याने मूल भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. खोकल्याची औषधे येथे निरुपयोगी ठरतात, आणि आजार विषाणूजन्य असल्यामुळे प्रतिजैविकेही. डॉक्टर डेक्सामेथासोन या औषधाची एक मात्रा तोंडावाटे देतात; तिने काही तासांत सूज ओसरू लागते. अडथळा तीव्र असेल तर रुग्णालयात अॅड्रेनलिनचा फवारा व प्राणवायू देतात. बहुतेक मुले दोन-तीन दिवसांत बरी होतात.

तथापि काही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब लावू नये. मूल शांत असतानाही शीळ ऐकू येणे, श्वासागणिक छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर पडणे, लाळ गिळता न येणे, मूल मलूल होणे, यांपैकी एक जरी लक्षण असले तरी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. सहा महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे.

पूर्वी घशातील अशा अडथळ्याचे एक भयंकर कारण घटसर्प हे असे. फ्रान्समधील ब्रेतोनो याने 1826 मध्ये त्या रोगाला वेगळे नाव दिले. त्यावरील प्रतिविषाच्या कार्यासाठी बेरिंग यांना 1901 चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात 1978 पासूनच्या लसीकरण कार्यक्रमात घटसर्पाची लस समाविष्ट आहे. डिसेंबर 2011 मध्ये तामिळनाडू व केरळ या राज्यांपासून पंचगुणी लस देण्यास आरंभ झाला. म्हणून खोकणाऱ्या मुलाचे लसीकरण पूर्ण झाले आहे काय, हा प्रश्न डॉक्टर आजही प्रथम विचारतात.

क्रूप मोठा गाजावाजा करीत येतो. परंतु बालकांचे प्राण अधिक प्रमाणात घेणारा आजार मात्र बराचसा मूक असतो. तो न्यूमोनिया. त्यात भुंकणारा खोकला नसतो. श्वास तेवढा जलद होतो आणि ‘पोट उडते’. महाराष्ट्रात जुन्या पिढीतील स्त्रिया यालाच ‘डबा’ म्हणत. कोठे कोठे तापल्या लोखंडाने बाळाच्या पोटावर डाग देत. त्यामुळे आजार तर हटत नसेच, उलट कोवळ्या जिवाला जखमेची भर पडे.

या मूक आजाराला ओळखण्याची रीत गडचिरोली जिल्ह्याने दाखवून दिली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथे 58 गावांत आरोग्यसेवक व पारंपरिक दाया यांना शिक्षण दिले. गावात ना डॉक्टर, ना क्ष-किरण यंत्र. तेव्हा निदानासाठी बाळाचे श्वास मोजावयाचे. परंतु ज्या दाईला पन्नासपर्यंत अंक येत नाहीत, तिने ते कसे मोजावेत? त्यासाठी एक साधे उपकरण तयार झाले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली की न्यूमोनिया समजून औषध सुरू करावयाचे.

या प्रयोगाचे निष्कर्ष 1990 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपचार केलेल्या 612 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा 0.8 होते, तुलनेसाठी निवडलेल्या 44 गावांत ते शेकडा 13.5 होते. त्या काळी को-ट्रायमोक्साझोल हे औषध वापरले जाई. आज त्याची जागा अमॉक्सिसिलिनने घेतली आहे. मोजण्याची रीत मात्र कायम आहे.

ती प्रत्येक घराने शिकून घ्यावी अशीच आहे. मूल शांत किंवा निजलेले असताना अंगावरील कपडा वर सारावा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे या वयात 40 किंवा अधिक भरले, तर तो जलद श्वास समजून त्याच दिवशी उपचार मिळवावा. दोन महिन्यांखालील बाळाला थेट रुग्णालयातच न्यावे. अशा बाळाने अंगावर पिणे सोडले, तर श्वास मोजत बसण्याचेही कारण नाही.

सारांश, आवाज करणाऱ्या श्वासाने घाबरून जाऊ नये आणि आवाज न करणाऱ्या श्वासाकडे दुर्लक्ष करू नये. मुलाला छातीशी धरून शांत ठेवणे आणि त्याचा श्वास मोजणे या दोन गोष्टींना विद्येची किंवा पैशाची अट नाही. अक्षरशत्रू दायांनी ज्या हातांनी मणी सरकवून मुले वाचविली, तेवढे सामर्थ्य प्रत्येक मातेच्या हातात आहे.