दोन शाफ्टमधलं अंतर

मोडका गिअर घेऊन गिऱ्हाईक आलं की मी आधी दाते मोजतो. समजा 20 दाते, बाहेरचा व्यास 66 मिलिमीटर. दात्यांत 2 मिळवून व्यासाला भागा. 66 भागिले 22, मॉड्यूल 3. जोडीदाराचे 40 दाते धरून बेरीज 60. 3 ने गुणून निम्मे करा. शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर 90 मिलिमीटर. सरळ, साध्या दात्यांचं हे गणित. पण पेटी मोजाच! जुन्या इंची लेथवर तेवढ्याच दात्यांची 8 डीपीची जोडी असेल, तर अंतर 95.25 भरतं. तिथे 3 मॉड्यूलची जोडी बसवली, तर दाते एकमेकांत जेमतेम पाऊण मिलिमीटर शिरतात. हातानं फिरवून पाहताना कदाचित चालतीलही. कापाचा भार आला की घसरतात, तुटतात. ओतीव पेटीतली भोकं काही सरकत नाहीत, आणि गिऱ्हाइकाचे पैसे दुसऱ्यांदा जातात.