माशांच्या कानांतील खडे

मासळीबाजारात शिरलेले चोखंदळ गिऱ्हाईक माशाचे कल्ले उचलून पाहते, डोळे न्याहाळते, अंगाला बोट लावून घट्टपणा अजमावते. मासा ताजा की शिळा, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न असतो. बैल घेताना त्याचे दात पाहणारा शेतकरीही माशाचे वय कधी विचारीत नाही. परंतु समुद्रातील मासळी टिकणार की आटणार, याचे उत्तर बहुतांशी या न विचारलेल्या प्रश्नात दडलेले असते.

हे वय माशाच्या डोक्यात नोंदलेले असते. माशाला बाह्यकर्ण नसला तरी कवटीच्या आत दोन्ही बाजूंस अंतःकर्ण असतो, आणि त्यात प्रत्येक बाजूस तीन असे चुनखडीच्या जातीचे सहा खडे असतात. शास्त्रज्ञ त्यांना ओटोलिथ म्हणतात. मराठीत कर्णाश्म म्हणावयास हरकत नाही. श्रोत्यांपैकी ज्यांनी ढोमा खाल्ला असेल, त्यांना त्याच्या डोक्यातील पांढरे, टणक खडे परिचित असतील. मुशी, पाकट अशा कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांत मात्र असे खडे नसतात. मासा हालला की जड खडा किंचित मागे राहतो, त्याला लागून असलेले केसासारखे सूक्ष्म तंतू वाकतात, आणि माशाला तोल व आवाज यांचे ज्ञान होते.

हाडातील द्रव्य उपासमारीत शरीर परत घेऊ शकते. कर्णाश्मावर एकदा बसलेला थर मात्र तसाच राहतो. थंड समुद्रात मासा उन्हाळ्यात झपाट्याने वाढतो, हिवाळ्यात मंदावतो. त्यामुळे खड्यावर एक दाट व एक विरळ असे पट्टे उमटतात, आणि अशा पट्ट्यांची एक जोडी म्हणजे एक वर्ष. हान्स हेडेरस्ट्रोम या स्वीडिश धर्मोपदेशकाने १७५९ मध्ये माशाच्या मणक्यांवरील वलये मोजून वय सांगितले होते. कर्णाश्मावरून वय ओळखण्याचे काम १८९९ मध्ये जर्मनीत योहानेस रायबिश यांनी केले. पुढे १९७१ मध्ये जॉर्जिओ पानेल्ला यांनी कर्णाश्मात दिवसागणिक पडणारी अतिसूक्ष्म वलयेही असतात, हे दाखविले. म्हणजे पिल्लू कोणत्या दिवशी जन्मले, हेसुद्धा सांगता येऊ लागले. खड्यातील स्ट्राँशियमचे प्रमाण पाहून सामन मासा नदीतून समुद्रात केव्हा उतरला, तेही कळते. कारण हे द्रव्य गोड्या पाण्यापेक्षा समुद्रात सहसा अधिक असते.

एका माशाचे वय कळून काय साधते? फारसे नाही. पण शेकडो माशांचे खडे वाचले म्हणजे त्या जातीची जणू खानेसुमारीच हाती येते. ज्या गावात लेकरे आहेत पण आजे-पणजे दिसत नाहीत, त्या गावावर काहीतरी संकट येऊन गेले असे आपण समजतो. माशांचेही तसेच आहे. जाळ्यात केवळ कोवळे मासे येऊ लागले, तर वडीलधारे आधीच उचलले गेले असल्याची ती खूण असू शकते.

हे वाचन चुकले तर काय होते, याचा दाखला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात मिळतो. तेथे सुमारे एक किलोमीटर खोलीवर ऑरेंज रफी नावाचा तांबूस मासा राहतो. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची मोठी मासेमारी सुरू झाली. अंडी घालण्यासाठी हे मासे समुद्रतळाच्या टेकड्यांपाशी दाटीने जमतात, त्यामुळे जाळी भराभर भरू लागली. आरंभी खड्याच्या पृष्ठभागावरील वलये मोजून या माशाचे आयुष्य बेताचेच मानले गेले. परंतु म्हाताऱ्या माशाचा खडा लांबीला वाढत नाही, आतील बाजूस जाड होत जातो; तेथील दाट वलये खडा कापून घासल्याखेरीज दिसत नाहीत. अखेर १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी खड्यातील रेडियम आणि त्यापासून उत्पन्न होणारे किरणोत्सारी शिसे यांचे प्रमाण तपासले. तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटर लांबीच्या काही माशांचे वय १४९ वर्षांपर्यंत निघाले! हा मासा अंडी घालण्याजोगा होतो तोच तिशीच्या सुमारास. एव्हाना त्याचे कित्येक थवे विरळ झाले होते. न्यूझीलंडजवळील चॅलेंजर पठारावरील त्याची मासेमारी २००० मध्ये बंद करावी लागली आणि २०१० मध्ये ती मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली.

आपल्या कोकण-गोव्याच्या समुद्राला कडक हिवाळा नाही. म्हणून येथील माशांच्या खड्यांवर वर्षाचे पट्टे अस्पष्ट उमटतात आणि वाचकाचे काम कठीण होते. बांगडा, तारली ही अल्पायुषी मासळी एकदोन वर्षांतच प्रजननक्षम होते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते, आणि दोन महिन्यांची ही उसंत अशा मासळीला उपयोगी पडू शकते. तीस वर्षांनी वयात येणाऱ्या माशाला मात्र दोन महिन्यांची विश्रांती काय पुरणार? कोणत्या जातीला किती उसंत द्यावी, हे तिच्या वयोमानावरूनच ठरविले पाहिजे. ताटात राहिलेला तो पांढरा खडा आपण काट्यांबरोबर टाकून देतो. पण कोळ्याच्या नातवाला उद्या मासा मिळेल की नाही, याचा हिशेब त्या खड्यावाचून मांडणे कठीण आहे.