राजीखुशी कुणाची?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बायकांच्या शिबिरात माती आणि बांधबंदिस्तीचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण उताराची, मुरमाड, वीतभर मातीची जमीन बहुतेक वेळा गरीब घरांच्याच वाट्याला येते. जोराच्या चार पावसांत ती माती ओढ्याला जाते. मग कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला निघतात. मागे म्हाताऱ्या आणि पोरी राहतात.

सक्तीने माती वाचत नाही, हे आपल्याकडे फार आधी दिसलं. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याखाली समपातळी बांध घातले गेले. बांध उताराच्या हिशोबाने जायचे आणि शेताची हद्द वेगळीच. एका वावराचे दोन तुकडे व्हायचे. सरकारी माणूस गेला की शेतकरी बांध नांगरून टाकायचा. पुढे गावाच्या संमतीने, श्रमदानाने, गावानेच केलेल्या नियमांनी काम करायची पद्धत रुजली. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार तुम्हाला ठाऊकच आहेत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. हिवरे बाजारने तर शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, असंही ठरवलं. २०१६ ते २०१९च्या वॉटर कप स्पर्धेत गावंच्या गावं उन्हाळ्यात चर खणायला उतरली.

मला ही पद्धत मान्य आहे. माझा प्रश्न ‘स्वेच्छा’ या शब्दाबद्दल आहे. संमतीपत्रावर सही करतो तो सातबाऱ्यावरचा. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बाया सुमारे १४ टक्केच होत्या. म्हणजे राजीखुशी त्याची आणि टोपली तिची. घरटी एक माणूस श्रमदानाला द्यायचा ठराव झाला की घरातून कोण येतं? ज्याची मजुरी कमी ते माणूस. म्हणजे तीच.

चराईबंदीचं तर याहून अवघड. मी काम केलेल्या एका गावात ग्रामसभेत ठरावाला एकमताने हात वर झाले. शेळ्यावाल्या बाया सभेला नव्हत्याच. त्यांतल्या एकीने नंतर मला विचारलं, “ताई, डोंगर तीन वर्षं बंद. मग माझ्या शेळ्यांनी तीन वर्षं उपास धरायचा का?” तिला जमीन नाही. डोंगरावर मुरलेलं पाणी खालच्या विहिरीला उतरणार, आणि विहीर दुसऱ्याची. शेळी ही तिची बँक होती, दवाखाना निघाला की मोडायची. तिने चारही विकल्या. अहवालात आलं, ‘ग्रामस्थांनी स्वेच्छेने त्याग केला’. अहवालांना त्याग हा शब्द फार आवडतो.

वेगळी वाटही आपल्याकडेच निघाली होती. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने वाटलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. डोकी मोजताना बाईचंही डोकं धरलं गेलं, हे मला त्यात मोलाचं वाटतं. शेतकरी संघटनेनेही १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली. नवऱ्याने आपणहून जमीन बायकोच्या नावे करायची. तेही स्वेच्छेचंच काम. फक्त तिथे सही करणाऱ्याला स्वतःचं काही सोडावं लागत होतं!

तेव्हा तुमच्या गावात पाणलोटाचा ठराव आला, तर संमतीपत्रावर दोघांची सही मागा. डोंगर एकदम बंद होऊ देऊ नका, एकेक तुकडा करून बंद करायला लावा. कापून आणायच्या गवतावर पहिला हक्क भूमिहीन आणि शेळ्यावाल्या घरांचा. परित्यक्ता, विधवा, एकटीचं घर असेल तर श्रमदानातून सूट. मजुरीचं काम मात्र तिला आधी, आणि पैसे तिच्याच खात्यात. सभा सकाळी दहाला ठेवली तर आपल्यातली कोण येणार? भाकऱ्या उरकल्यावरची वेळ धरा.

आणि ठरावाच्या आधी गावातल्या शेळ्या मोजा, कुणाच्या किती ते नावानिशी लिहा. ही यादी तलाठ्याकडे मिळत नाही. ती आपल्यालाच करावी लागेल. दोन संध्याकाळी पुरतात.