अँडी ग्रोव्हची पुरी गोष्ट

यशस्वी माणसांच्या गोष्टी आपल्या तोंडावर सारख्या फेकल्या जातात. बघा, तो खिशात दमडी नसताना परदेशात गेला, स्वतःच्या अकलेवर कोट्यधीश झाला. अन् तुम्ही बसा सवलती मागत! आज मी अशाच एकाची गोष्ट सांगणार आहे. पण पुरी सांगणार. अर्धी सांगितली की गोष्टीची काठी होते आणि ती नेमकी आपल्याच पाठीत बसते.

त्याचं नाव अँडी ग्रोव्ह. संगणकाची चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचा तो १९८७ ते १९९८ प्रमुख होता. १९९७ साली 'टाइम' साप्ताहिकानं त्याला वर्षाचा माणूस ठरवलं. पण जन्माचं नाव वेगळं. आंद्राश ग्रोफ. १९३६ साली बुडापेस्टला ज्यू घरात जन्मला. जन्म हाच गुन्हा. चार वर्षांचा असताना लाल तापानं कान गेले, जवळजवळ बहिरा झाला. बापाला सक्तीच्या मजुरीच्या पलटणीत नेलं. १९४४ला हिटलरचं सैन्य शहरात घुसलं तेव्हा आईनं पोराला खोट्या नावानं लपवून जगवलं. आठ वर्षांच्या पोरानं स्वतःचं नाव विसरायला शिकायचं! आडनाव सांगताना ज्याची जीभ अडखळलीय, त्याला हे वेगळं समजवायला नको.

१९५६चा हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला. सुमारे दोन लाख माणसं देश सोडून पळाली, त्यात हा वीस वर्षांचा आंद्राश. चालत ऑस्ट्रियाची सरहद्द ओलांडली आणि जानेवारी १९५७मध्ये जहाजानं न्यूयॉर्कला उतरला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मग थेट उडी मारतात चिपवर आणि डॉलरवर. मधलं गाळतात. का गाळतात?

मधे एक कॉलेज आहे. सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्क. १८४७ साली गोरगरिबांच्या पोरांसाठी लोकांच्या पैशातून सुरू झालेलं. फी नाही! मोठ्या नावाची विद्यापीठं ज्यू पोरांना मोजूनमापून आत घेत होती, तेव्हा याच कॉलेजनं त्यांना दार उघडं ठेवलं. पोलिओची लस शोधणारा जोनास साल्क इथलाच. निर्वासितांच्या एका मदतसंस्थेनं ग्रोव्हला कानाचं यंत्र मिळवून दिलं, या कॉलेजनं फुकट शिकवलं. १९६०ला तो रसायन अभियांत्रिकीत पदवीधर झाला, १९६३ला बर्कलीला डॉक्टरेट. तेही सरकारी विद्यापीठ. १९६८ला नॉइस आणि मूर यांनी इंटेल काढली, तेव्हा पहिल्या दिवसापासून हा त्यांच्यासोबत.

अक्कल त्याची, मेहनत त्याची. कोण नाही म्हणतं? पण अकलेला पाय ठेवायला जमीन लागते. ती जमीन लोकांच्या करातून तयार झाली होती. तिला कुणी भीक म्हटलं नाही. ग्रोव्हनंही नाही. २००५ला त्यानं त्याच कॉलेजला २ कोटी ६० लाख डॉलर दिले.

आता पुढचं ऐका. हे कॉलेज हार्लेममध्ये, काळ्यांच्या वस्तीत. पण वर्गात काळी पोरं किती? हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. १९६९च्या एप्रिलमध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा ताबा घेतला, टाळी ठोकली. १९७०ला शहरातल्या सगळ्या पोरांना सार्वजनिक कॉलेजांत प्रवेश खुला झाला. लगेच ओरड सुरू : दर्जा घसरला! गुणवत्ता मेली! आणि १९७६ला, शहराचं दिवाळं निघालंय म्हणून, फी लागू झाली. १२९ वर्षं फुकट असलेलं कॉलेज. कारण तिजोरीचं दिलं, तिजोरी रिकामी होती हे खरंच. पण युद्धात, मंदीत जे टिकलं, ते काळी पोरं आत आल्यावर सहा वर्षांत गेलं. हा हिशेब तुमचा तुम्ही मांडा.

म्हणून ग्रोव्हची पूजा करा, असं मी म्हणत नाही. मालक झाल्यावर तो मालकासारखाच वागला. सकाळी आठनंतर येणाऱ्याला उशिराच्या यादीत सही करायला लावायचा. इंटेलनं युनियन आत येऊ दिली नाही. १९७२ला कंपनीनं चिपची जोडणी मलेशियात पेनांगला नेली. स्वस्त हात, बहुतेक बायांचे. १९८५ला जपानी मालापुढं मेमरी चिपचा धंदा सोडला, तेव्हा हजारो कामगार घरी बसले. आणि २०१०ला हाच म्हातारा लेख लिहून सांगतो, कारखाने बाहेर नेऊन अमेरिकेनं स्वतःचे रोजगार मारले, ते सावरायला हवेत. उशिरा का होईना, बोलला. २०१६ला तो गेला.

तर मित्रांनो, उद्या कुणी यशाची गोष्ट घेऊन आला की त्याला खाली बसवा आणि विचारा : बाबा, हा शिकला कुठं? फी किती होती? ती कुणी भरली? आणि त्याच्यामागून ते दार कुणासाठी बंद केलं? उत्तर मिळेपर्यंत त्याला उठू देऊ नका.